अमडापूरला नेलेली सोळा पानं

लेखक मरतो, पण त्याचं पुस्तक बोलत राहतं. माझ्या कादंबरीच्या प्रकाशन समारंभात अध्यक्षांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा सभागृह गंभीर झालं होतं. पुढच्या दीड वर्षात मात्र उलटंच घडलं. मी ठणठणीत होतो आणि पुस्तक गप्प होतं. नाशिकच्या घरात, माझ्याच पलंगाखाली, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये ते पडून होतं आणि मी रोज रात्री त्याच्यावर झोपत होतो.

कादंबरीला प्रकाशक मिळाला नाही म्हणून मीच प्रकाशक झालो होतो. विक्रेता मिळेना म्हणून विक्रेताही झालो. वाचकाचं पदही रिकामंच होतं, पण ते मी घेतलं नाही. छापून आलेलं स्वतःचं पुस्तक वाचायची माझी हिंमत नव्हती. उघडलं की पहिल्याच पानावर चूक दिसेल ही भीती. सही करण्यापुरतं मी ते उघडत असे आणि लगेच मिटत असे. अध्यक्षांनी मात्र ते नीट वाचलं असावं. त्यांनी एकट्या आठव्या प्रकरणाला वीस मिनिटं दिली. लेखक तिथे माणसाच्या तळाशी जातो, असं ते म्हणाले. खाली बसलेल्या माझ्या पत्नीने तेव्हा घड्याळ पाहिलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज, दबलेला, कोणी ऐकेल अशा धास्तीतला. बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरहून वैशाली बोलत होती.

"सर, शहाण्णव पानानंतर परत एक्याऐंशी पान येते. मंग एकदम एकशे तेरा. मधलं तुमी मले पाठवान का? फोनवर फोटो टाकले तरी चालते."

मला तो पार्सलचा पत्ता आठवला. माझ्याकडे आलेल्या मागण्यांपैकी ज्या गावात माझा एकही नातेवाईक राहत नाही असा तो एकच होता. फोनवर जाहिरात पाहून तिने पुस्तक मागवलं होतं. मी बाइंडरला विचारलं. तो म्हणाला, एखाद्या प्रतीत फर्मा (सोळा पानांचा छापील, दुमडलेला ताव) चुकून दोनदा लागतो आणि पुढचा राहून जातो. एखादीच निघते अशी. सत्त्याण्णव ते एकशे बारा म्हणजे नेमकं आठवं प्रकरण. मी ती सोळा पानं घरी छापून घेतली आणि पिशवी भरायला लागलो.

पत्नीने विचारलं, पानं द्यायला चाललात की गिऱ्हाईक बघायला? मी म्हटलं, दोन्ही.

*

मलकापूरला उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि फलाटावरची माणसं शालींच्या आत कुठेतरी होती. बुलढाण्याची बस उभी होती. जाते का, विचारल्यावर कंडक्टर म्हणाला, "जाते नं. पण फिरून जाते." मला घाई नव्हती. फिरून म्हणजे किती फिरून, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खिडकीबाहेर तुरीची शेतं होती, पिवळी पडत आलेली, आणि त्यांच्यावर धुक्याचा एक पातळ थर तरंगत होता, जणू कोणी शेतावर पंचा वाळत घातलाय. पेंगता पेंगता मला दिसलं की प्रत्येक शेतातलं बुजगावणं हात पसरून उभं आहे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक आहे. मी मुखपृष्ठ ओळखायला डोळे ताणले. तेवढ्यात टायर फुटलं.

ते गाव रोहिणखेड होतं. टायर बदलायला तासभर लागणार होता, म्हणून मी पायी निघालो आणि एका जुन्या दगडी मशिदीपाशी पोचलो. काळा दगड, उन्हाने कडेकडेला सोनेरी झालेला. कमानीवर अक्षरं कोरलेली होती. अंगणाच्या भिंतीला टेकून एक म्हातारेबाबा ऊन खात बसले होते आणि त्यांची शेळी त्यांच्या सावलीत बसली होती. काय लिहिलंय, मी विचारलं.

"बांधणाऱ्याचं नाव आहे म्हणते. मले नाही वाचता येत."

"मग कोण वाचतं?"

"येते कोणी कधीमधी. वाचते, अन् चालला जाते."

मी बराच वेळ त्या अक्षरांखाली उभा राहिलो. एकच प्रत, बांधणी भक्कम, गठ्ठा नाही, पलंग नाही. वाचणारा कधीमधी येतो आणि लेखकाला त्याची वाट पाहत बसावं लागत नाही. शेळी उठून माझी पिशवी हुंगायला आली तेव्हा मी सोळा पानं वर धरली आणि परत बसकडे निघालो.

मोताळ्यानंतर राजूर घाट लागला. बस वळणावळणाने चढत होती. साग निष्पर्ण झाले होते आणि खालचा मुलूख हळूहळू निळा होत होता, आधी झाडं गेली, मग घरं, मग रस्ताही. वर बुलढाणा थंडगार. तिथे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने चिखलीला आलो.

चिखलीत स्टँडजवळ पुस्तकांचं एक दुकान होतं. मी एक नमुन्याची प्रत सोबत आणली होती, कारण स्वतःच प्रकाशक असलेला माणूस कुठल्याही दुकानाला नुसतंच ओलांडून जाऊ शकत नाही. दुकानदाराने प्रत हातात घेतली, वरखाली करून वजन पाहिलं आणि विचारलं, "हे परीक्षेले येते का?"

"नाही."

"मंग लोक काऊन वाचतीन?"

त्याने हे कुजकेपणाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहिती हवी होती. त्याने प्रत न उघडताच परत दिली, चहा मात्र पाजला.

*

अमडापूर खामगावच्या रस्त्यावर आहे. बसमधून आधी टेकडीवरचं देवीचं देऊळ दिसतं, मग बाजार. पानठेल्यावर मी पार्सलच्या पत्त्यातलं वैशालीच्या सासऱ्यांचं नाव घेतलं. ठेलेवाला म्हणाला, "मेथीवाले तुळशीराम महाराज? हे काय, कॅनॉलच्या पल्याड. आज सर्वे तिकडंच आहेत, समाप्ती आहे नं." कसली समाप्ती, मी विचारलं. "पोथीची. कोन्या तरी नव्या लेखकाची पोथी लावली त्याईनं."

मी पाणी मागून घेतलं आणि प्यालो.

शेताच्या कडेला पत्र्याचं एक छप्पर होतं. त्याखाली मेथीचा हिरवागार ढीग, कमरेइतका, आणि त्याच्याभोवती दहाबारा जण बसलेले, बहुतेक बायका. उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधायचं काम चाललं होतं. मूठभर मेथी, दोन झटके, एक वेढा, गाठ. मेथीचा तो कडवट, ओला वास हवेत असा भरून राहिला होता की थोड्या वेळाने आपण श्वास घेतोय की पितोय ते कळेना. मधोमध एका पाटावर माझं पुस्तक. त्याला झेंडूचं फूल वाहिलेलं. मलपृष्ठावर माझा फोटो आहे. त्याच्या कपाळालाही कोणीतरी कुंकू लावलं होतं. प्रकाशन समारंभात मला शाल आणि नारळ मिळाला होता, पण तो कार्यक्रम माझ्याच खर्चाने झाला होता.

पद्धत अशी होती. श्रावणात इथे पोथी लागते. एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचलेलं साध्या मराठीत असलं तरी अर्थ सांगावाच लागतो, त्याशिवाय ऐकल्यासारखं वाटत नाही. तुळशीराम महाराज तीस वर्षं अर्थ सांगत होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील सांगायचे. यंदा मेथीच्या हंगामात सुनेने म्हटलं, दुपारी हात चालतात, कान रिकामेच असतात, एखादी कादंबरी वाचू का? महाराज म्हणाले, वाच, मी अर्थ सांगतो.

मी नाव सांगितलं तेव्हा जुड्या थांबल्या. वैशाली तिशीतली, डोक्यावर पदर, हातात पुस्तकाची खूण म्हणून मेथीची काडी. तिचा चेहरा उतरला. मी पिशवीत हात घालून पानं आणल्याचं सांगणार, तेवढ्यात ती उठली आणि मला हातपाय धुवायला हौदाकडे घेऊन गेली. तिथे तिने तांब्याने पाणी ओतत ओतत, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं.

माझी कादंबरी एका पाणाड्याची आहे, म्हणजे तळहातावर नारळ आडवा धरून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या माणसाची. पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. शहाण्णव पानावर तो एका बाईच्या शेतात विहिरीची जागा दाखवतो आणि खोदकाम सुरू होतं. एकशे तेरा पानावर तो पहाटे गाव सोडून चाललाय, नारळ मात्र विहिरीच्या काठावर ठेवून. मधलं इथे नव्हतंच. वैशाली अडखळली तेव्हा कोणीतरी विचारलं, काऊन थांबली वं? तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, आणि जरा खाकरून अर्थ सांगायला सुरुवात केली. पान नसताना. असा तीन दिवस अर्थ चालला. ती बिचारी जुनीच पानं मनात वाचत राहिली आणि सांगत राहिली की इथलं जरा अवघड आहे, मामाजी एकदम अर्थच सांगतील.

"मामाजीनं सांगतलं का पाणी लागलं. बेचाळीस हातावर. सर्वायले पटलं. कौसाआत्याले नाही पटलं." कौसाबाई म्हणजे महाराजांची थोरली भावजय. तिचं म्हणणं, पाणी लागलं असतं तर तो पळाला काऊन? भाऊजी हे पदरचं सांगून राह्यले. आणि तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की हे खोटं निघालं तर येत्या श्रावणात अर्थ ती सांगेल.

"सारे हसले, सर. मामाजी नाही हसले. चार दिवस झाले, जेवण गेलं नाही त्याईले नीट." मग तिने विचारलं, "लागते का हो पाणी?"

माझ्या सोळा पानांत विहीर कोरडी निघते. ती पानं पिशवीत होती. मी तिला तसं सांगितलं. तिने तांब्या हौदाच्या कडेवर ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाल्यावरही.

*

शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. मला मेथीच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसवलं आणि हातात एक पेंढी दिली. मी जुडी बांधायला घेतली. माझी सुटत होती, कौसाबाई ती न बोलता पुन्हा बांधत होत्या. साठी ओलांडलेली किरकोळ बाई, नाकात मोठी फुली, नजर सुईसारखी.

वैशालीचा आवाज सपाट, न थांबणारा, पाटाच्या पाण्यासारखा. मी माझी वाक्यं पहिल्यांदाच ऐकत होतो. ती माझी वाटत नव्हती. कोणीतरी खूप पूर्वी, दुसऱ्या कुठल्यातरी गावात लिहिलेली असावीत. छपरातून उन्हाच्या तिरप्या रेघा येत होत्या, त्यांत मेथीची बारीक धूळ फिरत होती, आणि मला वाटलं की हे असंच चालत राहिलं तर माझी काही हरकत नाही.

दोन पानं झाली की महाराज अर्थ सांगत. उंच, वाळकी अंगकाठी, टोपी स्वच्छ. 'संध्याकाळ विहिरीत उतरली होती' असं माझं एक वाक्य आहे. ते मला कानाला बरं वाटलं म्हणून मी लिहिलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. महाराज म्हणाले, "म्हणजे दिवा लावाची येळ झाली. अन् लावणारं माणूस त्या घरात राह्यलं नाही." दोनतीन बायकांनी मान हलवली. एकीने डोळ्याला पदर लावला. मीही मान हलवली. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसासमोर लेखकाने मध्ये बोलू नये.

प्रकरण संपलं. वैशालीने पुस्तक मिटून पाटावर ठेवलं, महाराजांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन कौसाबाई माझ्याकडे वळल्या.

"आता तुमीच आले तं सांगा, लेखकसाहेब. पाणी लागलं का नाही?"

सगळे हात थांबले. महाराज खोबऱ्याचे तुकडे करत होते. सुरी थांबली नाही, पण तुकडे फार लहान व्हायला लागले. वैशाली पाटाकडे बघत होती.

कौसाबाईंचं बरोबर होतं. त्या छपराखाली माझं पुस्तक नीट समजलेली ती एकटी बाई होती, न वाचलेल्या पानांसकट. दीड वर्ष मी असा वाचक शोधत होतो.

"लागलं," मी म्हणालो.

"किती हातावर?"

"बेचाळीस."

"मंग पळाला काऊन तो?"

माझ्या विहिरीत तर पाणीच नव्हतं. मी महाराजांकडे पाहिलं. त्यांनी सुरी ठेवली. आवाज आधी खरखरला, मग लागला.

"कौसावयनी, त्याचं त्याले माईत होतं. नारळ उभा राह्यला नव्हता. त्यानं हात वाकडा केला होता, त्या बाईकडं पाहून. अन् पाणी लागलं. आता सारं गाव पायावर डोकं ठेवीन, दुसऱ्या गावचे बोलावाले येतीन, अन् याले रोज हात वाकडा करा लागीन. तो पाण्याले भेऊन पळाला."

दूर कुठेतरी मोटर सुरू झाली. कौसाबाईंनी खोबरं तोंडात टाकलं, चावलं आणि गिळलं.

"हे लिहिणाऱ्यानं सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याले तं इचार करा लागून राह्यला." आणि त्यांनी माझी सुटलेली जुडी पुन्हा बांधायला घेतली. श्रावणाचा विषय त्यांनी काढला नाही.

मग पंगत बसली. रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे), वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. रोडगा फोडून त्यात तूप ओततात आणि ते संपेपर्यंत बोलत नाहीत. महाराज माझ्या समोर बसले होते. त्यांनी तीन खाल्ले. वैशाली चौथा वाढायला आली तेव्हा त्यांनी हात आडवा धरला, पण जरा उशिरा.

*

ऊन कललं तेव्हा महाराज मला मेथीचे वाफे दाखवायला घेऊन गेले. छप्पर दिसेनासं झाल्यावर थांबले.

"पानं दाखवा."

मी दिली. त्यांनी चष्मा लावला आणि बांधावर उभं राहून सगळी सोळा पानं वाचली. वाफ्यात पाणी सोडलेलं होतं, ते एका सरीतून दुसऱ्या सरीत जात होतं, आवाज न करता, आणि पाण्यात आकाशाचा एकेक तुकडा पुढे सरकत होता. मी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा उभा होतो. कुठल्याही समीक्षकाने माझी पानं माझ्यासमोर वाचली नव्हती.

"चांगलं लिहिलं," ते अखेर म्हणाले. "विहीर खोदणाऱ्याईचं बोलणं तं अगदी बरोबर आहे. पण एक सांगू का? वाईट नका वाटू देऊ."

"सांगा."

"कोरड्या विहिरीवरून पळणारा माणूस नारळ संग नेईन. उद्या दुसऱ्या गावात पोट भरा लागते त्याले."

मी बांधावर खाली बसलो. चार वर्षं मी ती कादंबरी लिहिली होती.

त्यांनी पानांची घडी नीट जुळवून माझ्या हातात दिली. "हे तुमच्यापाशीच ठेवा. वयनीच्या हाती लागू देऊ नका." मग म्हणाले, "तुमी खोटं बोलले आज माह्यासाठी."

मी म्हटलं, मला तशी खात्री नाही.

निघताना वैशालीने मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि दुसरं पुस्तक कधी येणार ते विचारलं. कौसाबाईंनी बसपर्यंत सोबत केली. त्यांनी मला बजावलं की पुढच्या वेळी खामगावहून या, मलकापूर-बुलढाणा-चिखली करत येणारा माणूस म्हणजे घराला वळसा घालून दारातल्या विहिरीवर जाणारा. त्यांचं तेही बरोबर होतं.

खामगावहून नांदुरा, मग वडनेर भोलजी. बसमध्ये माझ्या पिशवीला मेथीचा आणि मेथीला माझ्या पुस्तकाचा वास येत होता. बाहेर शेतं करडी होत चालली होती, बुजगावणी पुन्हा रिकाम्या हातांनी उभी होती. मी सोळा पानांच्या समासात महाराजांचा अर्थ लिहून काढला. दुसरी आवृत्ती निघाली तर आठवं प्रकरण त्यांचं असेल, असं मी ठरवलं. पहिल्या आवृत्तीच्या वाचकांना जुनं प्रकरण आवडलं असेल तर त्यांची माफी मागणारी चार वाक्यं प्रस्तावनेत घालावीत, असंही ठरवलं. ती वाक्यं मला मलकापूर येईपर्यंत पुरली.

घरी आल्यावर दुसऱ्या आवृत्तीसाठी खुणा करायला म्हणून मी पलंगाखालच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि एक प्रत काढली. शहाण्णव पानानंतर एक्याऐंशी पान होतं. दुसरी काढली. तिसरी काढली. संध्याकाळपर्यंत सगळे गठ्ठे उघडले. मग पत्नीची सप्रेम भेट प्रत पाहिली, शेजाऱ्यांची मागून आणली, भावाला फोन करून त्याची उघडायला लावली.

आठवं प्रकरण एकाही प्रतीत नाही. अध्यक्षांनाही मी यांतलीच एक दिली होती.